एका सेकंदासाठी चार तास उताणं

घाटमाथ्यावरच्या समस्त रहिवाशांना अत्यंत जबाबदारीने कळवण्यात येत आहे की, लोणावळ्यात तुम्ही-आम्ही इतकी वर्षं जी वेळ वापरत आलो ती साफ चुकीची होती. स्टेशनातली चुकीची, पोस्टातली चुकीची, आणि शाळेच्या घंटेचं तर नावच काढू नका. चूक किती? पावणेदोन सेकंद. बरोबर वेळ साऱ्या गावात एकाच खिशात होती, आणि तो खिसा आमच्या घरमालकांच्या जाकिटाला होता.

ही घोषणा माझी नव्हे, त्यांची. मी तिचा फक्त भालदार. त्यांचं नाव सांगत नाही. सगळं गाव त्यांना नाना म्हणे, तसंच आपणही म्हणू.

मी नवा मास्तर म्हणून लोणावळ्यात आलो तेव्हा खोल्या शोधत त्यांच्या दारात उभा राहिलो. माणूस काटकुळा, ताठ, आणि चालताना अशी काळजी घेणारा की डोक्यावर काठोकाठ भरलेली कळशी आहे. त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

"तुमच्याकडे किती वाजले?"

"माझ्याकडे घड्याळ नाही," मी ओशाळून म्हणालो.

नानांचा चेहरा उजळला. "उत्तम! म्हणजे चुकीची वेळ तरी घरात येणार नाही." आणि दोन खोल्या मला मिळाल्या.

नाना पूर्वी धरणाच्या कामावर टाइमकीपर होते. सकाळी भोंगा झाला की फाटकाशी उभं राहायचं आणि मागून येणाऱ्याला परत पाठवायचं, हे त्यांचं काम. धरण पुरं झालं, गोरा इंजिनियर साहेब विलायतेला निघाला आणि जाताना त्यानं स्वतःचं सोन्याचं खिशातलं घड्याळ नानांच्या हातात ठेवलं. साहेबाला बहुधा नवं घ्यायचं असावं. पण घड्याळाबरोबर एक कागद होता, आणि त्या कागदानं नानांच्या संसाराची वाट लावली.

तो तिकडच्या एका वेधशाळेचा दाखला होता. घड्याळ पाच तऱ्हांनी ठेवून पाहिलं होतं: तोंड वर करून, तोंड खाली करून, किल्लीचं बोंड वर, डावीकडे, उजवीकडे. प्रत्येक तऱ्हेत ते दिवसाला किती सेकंद पुढं जातं नि किती मागं राहतं, ते बारीक अक्षरात लिहिलं होतं. नानांनी दाखल्याला चौकट करून तो देव्हाऱ्यात लावला, दत्त आणि गणपती यांच्या मधोमध. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, उदबत्ती ओवाळताना चुकून दाखला वगळून गेल्या तर नाना माजघरातून ओरडत, "मधल्याला राहिली!"

आता सामान्य माणूस असा कागद वाचून काय करील? घड्याळ उत्तम आहे म्हणेल आणि खिशात टाकील. नानांनी तो वाचून असा निष्कर्ष काढला की, घड्याळ बिघडत नाही. बिघडतो तो अंगावर वागवणारा. खिशात उभं राहिलं की ते किंचित मागं पडतं, आडवं तोंड वर करून ठेवलं की किंचित पुढं जातं. म्हणजे दिवसभर हिंडून जे सेकंद सांडले, ते आडवं होऊन भरून काढता येतात. नानांनी गणित मांडलं. एक सेकंद भरून काढायला घड्याळ छातीवर ठेवून चार तास उताणं पडावं लागतं. आणि नाना पडत. दुपारी ओसरीवर डोळे उघडे ठेवून, हात अंगाशी लावून, छातीवर सोन्याचं घड्याळ, असे ते पडलेले असत. पहिल्या आठवड्यात एकदा मी घाबरून काकूंना हाक मारली होती. काकू चूल फुंकत म्हणाल्या, "काही नाही हो मास्तर. अर्धा सेकंद राहिलाय."

मी तरुण होतो, तर्कशास्त्र नुकतंच शिकलो होतो. म्हटलं, "नाना, घड्याळ टेबलावर ठेवलं आणि तुम्ही हिंडायला गेलात, तरी तेच होईल ना?"

त्यांनी माझ्याकडे अशा करुणेनं पाहिलं की मला माझ्या पदवीची लाज वाटली. "टेबलावर ठेवलेलं घड्याळ बरोबर चालतं यात पराक्रम कसला? तसं कोणाचंही चालेल. घड्याळ अंगावर वागवून बरोबर चालवा, मग बोला! शिवाय तुमचं टेबल सकाळी गार, दुपारी ऊन. माझी छाती बारा महिने एकसारखी."

छाती बारा महिने एकसारखी राहिली नाही. एकदा हिवतापानं नाना फणफणले. डॉक्टरांनी थर्मामीटर काढला तर नानांनी तोंड मिटून घेतलं, घड्याळ पाहिलं आणि दात वाजवत सांगितलं, "काचेची नळी कशाला? साडेतीन सेकंद ताप आहे." डॉक्टरांनी कोयनेल दिलं. नानांनी विचारलं, ते घड्याळाला लागू पडेल ना?

टांगा त्यांना वर्ज्य होता, कारण टांग्याच्या हिसक्यांनी सेकंद सांडत. बहीण सोमाटण्याला दिली होती. तिच्याकडे जायचं तर तळेगावपर्यंत आगगाडी आणि पुढं पायी, तेही ताठ. वाटेत ओळखीचा भेटला तर ते नुसती मान न वळवता सगळ्या अंगानं एकदम वळत, देवळातल्या रथासारखे.

रोज दुपारी चार वाजता तारेनं सगळ्या स्टेशनांना वेळ कळवली जाई. नाना मला साक्षीला घेऊन तारखोलीच्या खिडकीशी उभे राहत. यंत्र टकटकलं की नाना घड्याळ पाहत आणि तारमास्तरांना निकाल देत. घड्याळ पुढं असलं तर म्हणत, "तुमची तार आज पाऊण सेकंद उशिरा आली." मागं असलं तर काहीच म्हणत नसत. घरी येऊन मुकाट्यानं उताणे होत.

तारमास्तर बिचारे सोशिक. एकदा मात्र म्हणाले, "नाना, अहो ही मद्रासेहून येते. तिथं दुर्बिणीतून तारे बघून ठरवतात."

"बघोत. पण त्यांच्यात घड्याळ अंगावर कोण वागवतो?"

परवा लढाईपायी सरकारनं साऱ्या देशाला घड्याळं एक तास पुढं करायला लावली, आणि लोकांनी चहा पितापिता काटे फिरवले. मला नाना आठवले. त्यांनी घड्याळ मिळाल्यापासून एकदाही काट्यांना हात लावला नव्हता. काटे फिरवणं म्हणजे त्यांच्या लेखी परीक्षेत दुसऱ्याच्या पाटीवर पाहणं.

इथवर हसायला काही हरकत नाही. मीही हसत होतो. पण या घरात एक माणूस हसत नव्हतं. नानांची एकुलती एक मुलगी, इंदू. बावीस वर्षांची झाली होती, आणि त्या काळी बावीस म्हटलं की शेजारणी आवाज खाली आणत. इंदू चांगली शिकलेली, बोलकी, दिसायलाही छान. लग्न जमत नव्हतं ते घड्याळामुळे.

पहिलं स्थळ पुण्याचं होतं. पाहण्याची वेळ साडेचारची. गाडी उशिरा आली आणि मंडळी चार मिनिटं मागून दारात उभी राहिली. नाना दारातच होते. म्हणाले, "कार्यक्रम झाला." आत जाऊन पाहतो तो खरंच पोह्यांच्या बशा विसळून पालथ्या घातलेल्या.

दुसरा मुलगा वेळेवर आला. नानांनी त्याला आपला नेहमीचा प्रश्न विचारला, "किती वाजले?" मुलगा घड्याळ पाहून नम्रपणे म्हणाला, "साधारण साडेपाच." संपलं! नाना उठून उभे राहिले. "ज्याला साधारण साडेपाच पुरतात, त्याला साधारण बायकोही पुरेल. माझी मुलगी साधारण नाही."

त्या दिवशी इंदू विहिरीवर मला म्हणाली, "मास्तर, बाबा माझं कौतुक करतात की काय करतात, तेच कळत नाही."

तिसरं स्थळ मुंबईचं निघालं. गिरगावात राहणारा, कचेरीत कारकून असलेला, हसतमुख मुलगा. त्याचा फोटो इंदूनं दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा मागून घेतला. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "मास्तर, हा बाबांच्या परीक्षेत पास झाला पाहिजे. तुम्ही मास्तर आहात ना?"

मी मुलाला स्टेशनवरच गाठलं. त्याच्या मनगटाला निकेलचं स्वस्तातलं घड्याळ बांधलेलं होतं. नाना मनगटी घड्याळांना बांगड्या म्हणत. ते घड्याळ स्टेशनच्या घड्याळापेक्षा एकोणचाळीस मिनिटं मागं होतं. त्याचा अर्थ सोपा होता. मुंबईत तेव्हा दोन वेळा नांदत: एक आगगाडीची, साऱ्या देशाची स्टँडर्ड टाइम, आणि दुसरी मुंबईकरांची स्वतःची, तिच्या एकोणचाळीस मिनिटं मागं, हट्टानं जपलेली. मी म्हटलं, आधी हे स्टेशनच्या वेळेवर लावून घ्या, आणि विचारलं की सेकंदासकट सांगा. या वेळी माझ्या डोक्यात काही यायला हवं होतं. आलं नाही.

"किती वाजले?" नानांनी विचारलं.

"पाच वाजून एकवीस मिनिटं आणि बेचाळीस सेकंद," मुलगा म्हणाला. "आपल्याकडे?"

नाना विरघळले. "त्रेचाळीस," ते मायेनं म्हणाले. "एक सेकंद मागं आहात. पण बांगडीच्या मानानं ठीक." आणि लग्न ठरलं.

मुलाकडच्या ज्योतिष्यानं मुंबईत मुहूर्त काढला, वैशाखातला, अकरा वाजून चौदा मिनिटांचा. नानांनी व्याह्यांना पत्र धाडलं की, चौदा मिनिटं पुरी झाल्यावर, की चौदावं मिनिट चालू असताना? उत्तर आलं नाही. सेकंदाचा असा कीस काढला. पण अकरा चौदा कोणत्या वेळेचे, हे नानांनी विचारलं नाही आणि व्याह्यांनी सांगितलं नाही. नानांच्या मते स्टेशनवाचून दुसरी वेळ नव्हती. गिरगावकरांच्या मते मुंबईवाचून.

लग्नाच्या आदल्या दिवशी नानांची फार धावपळ झाली. मांडव, आचारी, पाहुण्यांचं बिऱ्हाड. चार वाजता आम्ही तारखोलीत गेलो. नानांचा चेहरा पांढरा पडला. घड्याळ सात सेकंद मागं होतं.

"सात चोक अठ्ठावीस," ते पुटपुटले. "अठ्ठावीस तास उताणं पडायला हवं. आणि मुहूर्ताला उरले एकोणीस!"

काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मग काय, लग्न पुढं ढकलायचं?"

त्या चिडून बोलल्या होत्या. नाना विचारात पडले. दाराआड इंदू उभी होती. तिनं मेंदीचा हात तोंडावर धरला.

शेवटी नाना मांडवातच बाज टाकून उताणे झाले, आणि तिथून त्यांनी लग्नाची तयारी चालवली. आचारी त्यांच्या उशाशी वाकून मिठाचं विचारी. धरणावरचा त्यांचा जुना गडी गेनू तिकोणा पेठेहून पत्रावळी घेऊन आला होता. तो नानांना आबा म्हणे. बाजेला वळसा घालून मला म्हणाला, "मास्तर, आबांस्नी काय झालंया? पोरीचं लगीन न् ह्ये असं?"

"सेकंद भरताहेत."

"आसं व्हय," गेनू म्हणाला. त्यानं धरणावर नानांच्या हाताखाली पाच वर्षं काढली होती. त्याला जास्त सांगावं लागत नसे.

झोप लागली तर कूस वळेल आणि गणित चुकेल, म्हणून नानांनी रात्रभर डोळ्याला डोळा लागू दिला नाही. सकाळी विधींसाठी उठावंच लागलं. पुण्याहवाचन आडवं होऊन करता येईल का, असं त्यांनी भटजींना विचारून पाहिलं. भटजींनी पाट पुढं सरकवला.

अकरा वाजले. मांडव भरला. नाना मुकटा नेसून, लाल डोळ्यांनी घड्याळाकडे पाहत उभे. पाच सेकंद अजून मागंच होते. आणि नवरदेवाचा पत्ता नव्हता. गेनूला बिऱ्हाडी पिटाळलं. तो धापा टाकत परत आला.

"आबा, पावनं दाढी करत्यात. म्हन्त्यात, आजून एक येळ च्या व्हईल."

"चहा! अकरा सहा झाले!"

"म्या बी तेच म्हनलं. तर हसाया लागलं."

नानांनी आणखी दोन निरोप धाडले. अखेर व्याही स्वतःच आले. गोल, घामेजलेले, खांद्यावर पंचा. "नाना, घाई कसली? अजून चांगला पाऊण तास आहे." आणि त्यांनी आपलं घड्याळ पुढं केलं. त्यात साडेदहा होते. मुंबई टाइम!

मांडवात कुणीतरी हसलं. बहुधा तारमास्तर.

"तुम्ही एकोणचाळीस मिनिटं पुढं आहात हो," व्याही म्हणाले.

"मी?" नाना ओरडले. "मी पाच सेकंद मागं आहे!"

मग जे भांडण झालं त्यात व्याह्यांनी मुंबईचा अभिमान काढला, नानांनी दाखला काढला. देव्हाऱ्यातून चौकट आणून व्याह्यांच्या नाकाला लावली. या गडबडीत नानांच्या घड्याळात अकरा चौदा आले आणि गेले. नानांनी चौकट खाली ठेवली.

"मुहूर्त टळला," नाना म्हणाले. "आज लग्न नाही. दुसरा मुहूर्त काढा."

"मग आम्ही दुपारच्या गाडीनं मुंबईला," व्याही म्हणाले. "माझ्या मुलाला मुली पुष्कळ आहेत."

माजघराच्या दारात इंदू मुंडावळ्या बांधून उभी होती. ती रडली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि आगगाडीच्या स्टेशनावर मी एका मनगटी घड्याळाला काय केलं होतं, ते मला तेव्हा कुठे आठवलं. पण ते बोलण्याची माझी छाती झाली नाही.

भटजी मध्ये पडले. "नाना, मुहूर्त सूर्यावरून काढतात, स्टेशनावरून नाही. स्टेशनची वेळ कुठली तरी लांबची. सूर्य इथला धराल तर तो मुंबईकरांच्या बाजूनं आहे."

"व्हय आबा," गेनू उन्हात जाऊन उभा राहिला. "माजी सावली बगा की. पायात यायला आजून लय येळ हाय. आमी धरनावर सावली बगूनच येत व्हतो, न् तुमी आमाला उशीर झाला म्हनून हाकलत व्हता."

नानांनी गेनूच्या सावलीकडे बराच वेळ पाहिलं. "सूर्याला दाखला दिलाय कुणी?" ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. त्यांची नजर इंदूकडे गेली. पुन्हा घड्याळाकडे. त्यांच्यातला बाप आणि टाइमकीपर फाटकाशी उभे राहून भांडत होते, आणि बाप जरा उशिरानं आला होता.

"ठीक आहे," नाना म्हणाले. "पण माझ्या घड्याळावर. काटे हलवणार नाही; एकोणचाळीस मिनिटं वजा करीन. बरोबर क्षणाला मी हात वर करीन. तोवर अंतरपाट कुणी हलवायचा नाही!"

सगळ्यांनी एका सुरात कबूल केलं. नाना खुशीत आले. "आणि मधल्या वेळात मला उताणं पडता येईल. जवळजवळ एक षष्ठांश सेकंद!"

नवरदेव आला. अंतरपाट धरला गेला. या बाजूला इंदू हार घेऊन, त्या बाजूला तो. बोहल्याच्या शेजारीच बाजेवर नाना, मुकट्यात, उताणे, छातीवर सोन्याचं घड्याळ. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. आठ झाली. भटजींनी बाजेकडे पाहिलं. हात वर नव्हता. मग इंदूच्या मावशीनं स्वतः रचलेलं एक म्हटलं, त्यात सगळ्या नातेवाइकांची नावं आली. व्याह्यांकडच्या एकानं चढ्या सुरात दोन म्हटली. मुठींतल्या अक्षता घामानं चिकटल्या. अंतरपाटापलीकडून नवरदेव आपली बांगडी पाहून हळूच म्हणाला, "अकरा चौदा झाले की."

भटजींनी पुन्हा बाजेकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. नानांच्या छातीवरचं घड्याळ संथपणे वर जात होतं, खाली येत होतं. मग एक लांब, समाधानी घोरणं ऐकू आलं.

नानांनी हात वर केल्याशिवाय अंतरपाट काढण्याची भटजींची हिंमत नव्हती. व्याही स्वतःच्या घड्याळावर बोट आपटू लागले. आणि काकू, संसाराच्या सवयीनं, पदर सावरत नानांना हलवायला बाजेकडे वाकल्या.

त्यानंतर अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, चौघडा वाजला, आणि नाना दचकून उठून बसले, हे सगळं खरं. पण त्याआधी, भरमांडवात, जिथं नवऱ्या मुलीनं मान वर करायची नाही तिथं, इंदू आईच्या अंगावर ओरडली, "आई, हात लावू नकोस त्यांना! बाबा जागे झाले की माझं लग्न मोडतं!"